गोव्यातल्या बोंडला प्राणिसंग्रहालयात मुलांना घेऊन पहिल्यांदाच जाताय?

सगळ्यात आधी वार बघा. गुरुवारी बोंडला बंद असतं आणि फोंडा-उसगावमार्गे घाट चढून गेल्यावर हे कळलं तर मुलांची समजूत काढता काढता दिवस जातो. सकाळी उघडतानाच पोचा. दुपारी बाराला पोचणारे बहुतेक लोक झोपलेली जनावरं बघून परततात, कारण उन्हात गवा काय नि बिबटा काय, सावली सोडत नाही.

मोकळ्या आवारात गजांऐवजी मध्ये खंदक असतो, त्यामुळे प्राणी लांब दिसतो. मोबाईलचा झूम इथे कमी पडतो. ८x४२ ची (आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिमी भिंगाची) दुर्बीण मोठ्यांना बरी, पण लहान हातांना ती जड होते. मुलांना लहान भिंगाची, हलकी ८x२१ द्या. एका जागी किमान दहा मिनिटं थांबा. धावत सगळं उरकलं की काहीच दिसत नाही. गवा म्हणजे गोव्याचा राज्यप्राणी, तेव्हा त्याच्यापाशी जरा जास्तच थांबा!

खाऊ डब्यात, डबा पिशवीत, पिशवीची चेन बंद. प्लॅस्टिकची पिशवी खुळखुळली की माकडं हजर. प्राण्यांना खायला घालणं, चिडवणं, आरडाओरडा करणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, मग ते केळं का असेना. आजी-आजोबा सोबत असतील तर चढ लक्षात घेऊन माणशी एक लिटर पाणी घ्या. बाबागाडी घरीच ठेवा, तान्ह्याला झोळीत घ्या. पावसाळ्यात जळवा असतात, लांब मोजे घाला.