सोलापूरचा मित्र जानेवारीत दोन दिवस सानपाड्याला येतोय. मुंबईत न शिरता, दगदग न करता त्याला समुद्र कुठे दाखवू?

आधी मित्राला फोन करून सांगा की वाळू, लाटा, घोडागाडी यातलं काहीही सानपाडा-नेरूळकडे नाही. आपल्याकडे आहे ती खाडी. तिवरं, चिखल आणि दिवसातून दोनदा चढून उतरणारं पाणी. मी हे न सांगताच लातूरच्या मैत्रिणीला पाम बीच रोडवर नेलं होतं. बसमधून उतरल्या उतरल्या तिने विचारलं, "अगं, बीच कुठाय?" रस्त्याच्या नावात आहे तेवढाच.

आता बेत. शनिवारी काय करायचं हे ठरवण्याआधी भिंतीवरच्या कॅलेंडरात तिथी बघा. कोकणातला जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीन, म्हणजे पहाटे तीनच्या आणि दुपारी तीनच्या सुमारास. अष्टमीला सहा. शुद्ध असो की वद्य, हिशेब तोच. पौर्णिमा-अमावास्येला सरळ बारा धरा. ओहोटी त्यानंतर साधारण सहा तासांनी. खाडीत आतपर्यंत पाणी पोचायला थोडा उशीर होतो. अचूक वेळ मोबाइलवर मिळतेच म्हणा, पण सोलापूरच्या माणसासमोर बोटांवर मोजून भरतीची वेळ सांगायची ऐट काही वेगळीच.

हा खटाटोप फ्लेमिंगोंसाठी (आमच्या सोसायटीतले आजोबा हटकून 'रोहित' म्हणतात). जानेवारीत ते आलेले असतात. ओहोटीला खाडीतला चिखल उघडा पडतो आणि ते तिकडे चरायला पांगतात, काठापासून लांब. तिवरांच्या पलीकडे गुलाबी रेघ दिसली तरी नशीब. भरतीने चिखल बुडाला की त्यांना उभं राहायला जागा उरत नाही, मग थवेच्या थवे आतल्या उथळ पाणथळींवर उतरतात. करावे गावाजवळ, टी. एस. चाणक्य या नाविक प्रशिक्षण संस्थेच्या बाजूला अशी जागा आहे. भरतीच्या तासभर आधी जाऊन बसा. पाण्याची बाटली, टोपी आणि जमल्यास दुर्बीण एवढंच सामान. पहिल्यांदा दहा-वीस पक्षी येतात, वाटतं एवढेच का. मग डोक्यावरून एक ओळ जाते, पाठोपाठ दुसरी, आणि पंखांखालचा लाल रंग दिसतो तो तेव्हाच. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला पक्षी आत येण्याची खात्री जास्त. अष्टमीच्या भांगाला, म्हणजे कमी जोराच्या भरतीला, पाणी फारसं चढत नाही, मग बरेच थवे बाहेरच रेंगाळतात.

ऐरोलीहून वनखात्याची बोट खाडीतल्या अभयारण्यात नेते. ठाणे खाडीला हा दर्जा २०१५ साली मिळाला. बोटीच्या वेळाही भरतीवरच ठरतात, म्हणून आधी नोंदणी करा. पक्षी जवळून दिसतात हे खरं, पण सगळे मोबाइल एकदम वर होतात आणि प्रत्येकाला बोटीच्या त्याच कडेला यायचं असतं. गप्पा मारत बसायचं असेल तर मी करावेच निवडेन.

खरा समुद्र हवाच असेल तर उरण. नेरूळ किंवा बेलापूरहून लोकल थेट जाते, साधारण पाऊण तास. दर पाच मिनिटांनी गाडी नाही, वेळापत्रक बघूनच निघा. वाटेत पनवेलची खाडी, खाजणं, मग बंदराचे कंटेनर, आणि डब्यात बसायला जागा! मित्राला मुंबईची लोकल म्हणून हीच दाखवा, गैरसमज गोड राहील. उरण स्टेशनवरून रिक्षाने पीरवाडीच्या किनाऱ्यावर जायचं. इथे वाळू आहे, खडक आहेत, दर्गा आहे आणि समोर सूर्य मावळतो. पाणी मुंबईइतकंच मातकट.

आमची फजिती इथली. २०२४ची माघी पौर्णिमा, शनिवार. उरणची लोकल सुरू होऊन दीड महिनाही झाला नव्हता. दुपारी बाराच्या भरतीला करावेत फ्लेमिंगो मनसोक्त बघितले, मग उरणला जाऊन जेवलो. पौर्णिमा आणि वर शनिवार, म्हणून मैत्रिणीने जिताडा माशाला लांबूनच नमस्कार केला. मी तेवढी धार्मिक नाही. पीरवाडीला बसता बसता मला कल्पना सुचली की मोऱ्याहून, म्हणजे उरणजवळच्या मोरा बंदरातून, लाँचने मुंबईतल्या भाऊच्या धक्क्याला जाऊ, हिला पाण्यातून मुंबई दाखवू. साडेपाचला मोऱ्याला पोचलो तर लाँच बंद. "पानी नाय ना ताई," धक्क्यावरचा माणूस म्हणाला. उधाणाच्या ओहोटीला तिथे गाळ वर येतो आणि लाँच लागूच शकत नाही. बाराला सहा मिळवायची अक्कल सकाळी होती, संध्याकाळी नव्हती.

मैत्रीण हसायची थांबेना. "आमच्या लातूरला पाणी नव्हतं तेव्हा २०१६ला मिरजेहून रेल्वेने आलं. तुमच्या तर समुद्रालाच पाणी नाही!"

मग धक्क्यावरच बसलो. खाली चिखलात निवट्या (चिखलातले छोटे मासे) उड्या मारत होत्या, चिंबोऱ्या (खेकडे) बिळातून डोकावत होत्या, एक कोळीणबाई जाळं निवडत होती. समोर घारापुरीचा डोंगर काळा होत गेला. कॉलेजनंतर एवढा वेळ आम्ही एका जागी बसलोच नव्हतो. चंद्र चांगला वर आल्यावर उठलो आणि लोकलने घरी आलो. फ्लेमिंगोंचे फोटो तिने दोघा-तिघांना पाठवले असतील. मोऱ्याच्या चिखलाचा फोटो अजून तिच्या डीपीवर आहे.

कोणी बेलापूरचा किल्ला सुचवेल. ढासळता बुरूज बघायला पंधरा मिनिटं पुरतात. मॉल सोलापूरलाही आहेत. रविवारी सकाळी लवकर उठवत असेल तर दिवाळे गावात मासळी घ्या आणि घरीच जेवा, हॉटेलपेक्षा उत्तम.

तुमच्या शनिवारची तिथी खाली लिहा, करावेला किती वाजता पोचायचं ते मोजून सांगते. मोऱ्याचंही, यावेळी सहा मिळवून.