मेंढपाळांची कीव करू नकोस

प्रिय पोरी,
सप्रेम सलाम.

तुझ्या संदेशाचा मसुदा काल रात्री दोनदा वाचला. नाताळच्या आदल्या रात्री तू चर्चमध्ये मंडळीपुढे पहिल्यांदाच उभी राहणार, आणि विषय घेतलास येशूच्या जन्माची बातमी रानात ऐकणाऱ्या मेंढपाळांचा. फार बरं वाटलं. पण पहिल्याच परिच्छेदात तू लिहिलंस, "मेंढपाळ म्हणजे समाजाने टाकून दिलेले, ज्यांची साक्षसुद्धा चालत नसे असे तुच्छ लोक." हे वाक्य काढून टाक.

हे मीही अनेक व्यासपीठांवरून ऐकलं आहे. ते येतं यहुदी धर्मशास्त्र्यांच्या काही वचनांतून. मेंढपाळ दुसऱ्याच्या रानात जनावरं घालतात, म्हणून त्यांचा भरवसा धरू नये, असा त्यांचा सूर आहे. पण ज्या मिश्नात, म्हणजे यहुदी नियमांच्या संग्रहात, मुलाला हा धंदा शिकवू नये असं म्हटलं आहे, ती इ.स. 200 च्या सुमारास संकलित झाली, आणि साक्षीबद्दलची चर्चा त्याच्याही नंतरच्या तालमूदमध्ये, म्हणजे मिश्नावरच्या चर्चांच्या ग्रंथात, येते. मेंढपाळांची ही गोष्ट सांगणाऱ्या लूकने शुभवर्तमान, म्हणजे येशूची जीवनकथा, लिहिली ती या दोन्हींच्या कितीतरी आधी. आणि लूकच्या हाती जे शास्त्र होतं त्यात याकोब मेंढरं राखतो, राहेल राखते, मोशे राखतो. "परमेश्वर माझा मेंढपाळ आहे" हे स्तोत्र तर तुला पाळण्यापासून पाठ आहे. यहेज्केल संदेष्ट्याच्या पुस्तकातल्या 34 व्या अध्यायात वाईट राजांना खडसावून देव म्हणतो की माझी मेंढरं मीच राखीन. मेंढपाळ हा शब्दच घाणेरडा असता तर देवाने तो स्वतःसाठी घेतला असता का?

ते गरीब होते, हे खरं. त्यांच्या नावावर काही नव्हतं, म्हणून त्यांची नावंही आपल्यापर्यंत आली नाहीत. किती जण होते तेही लूक सांगत नाही. पण गरीब असणं आणि तुच्छ असणं यातलं अंतर तू जप. तुझ्यासमोर बाकांवर जी माणसं बसलेली असतील, त्यांतली निम्मी पहाटे उठून कुणाच्या तरी रानात जाणारी आहेत. त्यांची कीव करणारा संदेश त्यांना नको आहे.

आता लूकच्या दुसऱ्या अध्यायाचं आठवं वचन पुन्हा वाच. तिथे त्यांच्याविषयी दोनच गोष्टी सांगितल्या आहेत. ते रानात राहत होते, आणि रात्री पाळीपाळीने कळप राखत होते. म्हणजे ती माणसं कामावर होती. जन्माची बातमी घेऊन देवदूत आला तेव्हा ती उपास करत नव्हती की प्रार्थनेत नव्हती. ती जागी होती, कारण जागं राहणं हेच त्यांचं काम होतं. तुझ्या संदेशाचा कणा इथे आहे, असं मला वाटतं.

अध्यायाच्या सुरुवातीला कोण आहे ते बघ. रोमचा सम्राट कैसर औगुस्त. त्याच्या एका हुकमाने सगळं जग नावनोंदणीला निघतं. आशिया मायनरमधल्या प्रिएने या गावी इ.स.पू. 9 मधला एक शिलालेख सापडला आहे. त्यात याच औगुस्ताला 'तारणारा' म्हटलं आहे, आणि त्याचा जन्मदिवस ही जगासाठी 'सुवार्तेची' सुरुवात होती असं कोरलं आहे. सुवार्ता, तारणारा, शांती हे सगळे शब्द त्या काळी सम्राटाचे होते. ते शब्द लूक उचलतो आणि रात्रपाळीवरच्या माणसांच्या कानात घालतो. बेथलेहेमच्या आग्नेयेला पाचेक किलोमीटरवर हेरोद राजाने बांधलेला हेरोदियमचा किल्ला आहे, एका डोंगरमाथ्यावर. त्या रानातून तो दिसतो. मेंढपाळ रोज त्या राजवाड्याखालीच कळप चारत असणार. बातमी तिथे गेली नाही.

आणि गाव कोणाचं? दावीद राजाचं. शमुवेल संदेष्टा दावीदाचा बाप इशाय याच्या घरी राजा शोधायला आला तेव्हा सात मुलं पुढे उभी केली गेली, आणि आठवा, दावीद, घरच्यांच्या ध्यानातही आला नाही, कारण तो मेंढरांकडे होता. त्याच गावाच्या रानात पुन्हा मेंढपाळांना हाक येते. ऐकणाऱ्यांना हे आपोआप जोडता येईल, तू फार ताणू नकोस.

खुणेकडे मात्र सावकाश ये. दूत म्हणतो, बाळंत्याने गुंडाळलेलं आणि गव्हाणीत ठेवलेलं बाळ तुम्हाला आढळेल. गव्हाण हा शब्द लूकने या एका गोष्टीत तीनदा वापरला आहे. तारा ही ज्योतिष्यांची खूण, ती मत्तयाच्या शुभवर्तमानात आहे, तिला इथे आणू नकोस. मेंढपाळांना गव्हाण सांगितली. ती ओळखायला त्यांना कुणाला विचारावं लागलं नसतं. देवाने त्यांच्याच घरातली वस्तू खूण म्हणून दिली. हे वाचताना मला दर वेळी भरून येतं.

पुढची गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते. देवदूतांचा समुदाय रानात दिसला, गोठ्यात नाही. त्या रात्री मरीया आणि योसेफ यांच्यापुढे कुणी गीत गायलं, असं लूक लिहीत नाही. बाळंतपणाने थकलेल्या, परक्या जागी पडलेल्या त्या मुलीला 'तुझ्या बाळाविषयी आकाशात असं असं म्हटलं गेलं' हे सांगितलं मेंढपाळांनी. आणि तिने त्या गोष्टी मनात जपून ठेवल्या. तिला त्या रात्री धीर मिळाला तो या लोकांच्या तोंडून. नाताळच्या देखाव्यात आपण मेंढपाळांना एका कोपऱ्यात गुडघे टेकून गप्प बसवतो. लूकच्या गोष्टीत ते बोलतात, आणि ऐकणारे थक्क होतात.

मी लहान असताना सुगी संपली की आमच्या रानात धनगरांचा वाडा, म्हणजे कळपासकट त्यांचा मुक्काम, उतरायचा. वडील खतासाठी मेंढरं बसवायचे आणि बदल्यात ज्वारी द्यायचे. एका नाताळात मी तिथल्या म्हाताऱ्या बाबांना ही सगळी गोष्ट मोठ्या उत्साहाने सांगितली. ते वाघर, म्हणजे मेंढरं कोंडायची जाळी, बांधत ऐकत होते. संपल्यावर त्यांनी एकच विचारलं, "मग मेंढरांपाशी कोण राहिलं?"

मला उत्तर देता आलं नाही. त्या बाबांना लांडग्याची रात्र माहीत होती, कळप सोडून जाणं म्हणजे काय ते माहीत होतं. तेव्हापासून 'चला, आपण बेथलेहेमास जाऊ' हे वाक्य मला हलकं वाटत नाही. दूताने त्यांना जा असा हुकूम केलेला नाही. जायचं त्यांनी आपसांत ठरवलं, आणि लगबगीने गेले.

आणि विसावं वचन. मेंढपाळ परत गेले. देवाचा गौरव करत, स्तुती करत, पण परत गेले. कळपाकडेच गेले असणार. सकाळी तीच मेंढरं, तेच काटेकुटे, तोच मालक. त्यांनी कळप विकून टाकला नाही की ते कुणी मोठे झाले नाहीत. शुभवर्तमानात त्यांचा पुन्हा उल्लेखही नाही. तू शेवटी लिहिलंस की त्यांचं आयुष्य पालटलं. कसं पालटलं ते लूकने लिहिलेलं नाही, म्हणून तूही लिहू नकोस. परत गेले, इतकंच म्हण आणि थोडी थांब.

यंदाही पुलाजवळच्या रानात वाडा उतरला आहे, तुझ्या भावाने सांगितलं. दुसरा मसुदा लिहिण्याआधी एक संध्याकाळ तिथे जाऊन ये. त्यांना विचार, रात्री पाळ्या कशा लावतात, कोण किती झोपतं, कोकरू हरवलं तर काय करतात. जाताना चहापत्ती आणि साखर घेऊन जा, आणि अंधार पडेपर्यंत थांब.

तुझे,
गुरुजी