वाचक विचारतात : डार्क झोन आणि डार्क स्काय

प्रश्न : भूजलाच्या बाबतीत आमचा भाग ‘डार्क झोन’ म्हणून ओळखला जातो आणि ते नाव ऐकले की संत्राबागायतदाराच्या पोटात गोळा येतो. उलट पेंचचे जंगल ‘डार्क स्काय पार्क’ झाले, तेव्हा सगळीकडे कौतुक झाले. मग हा ‘डार्क’ चांगला की वाईट? घरातील मुले तर डार्क मोड, डार्क पॅटर्न असेही काही बोलत असतात.
– एक वाचक, ता. वरुड, जि. अमरावती

उत्तर : आपल्याकडच्या ‘डार्क झोन’चा उजेडाशी काही संबंध नाही. जमिनीत दरवर्षी मुरणाऱ्या पाण्यापैकी किती पाणी विहिरी आणि बोअरमधून उपसले जाते, यावरून जुन्या वर्गवारीत व्हाइट, ग्रे आणि डार्क असे गट पाडलेले होते आणि उपसा 85 टक्क्यांच्या वर गेला की तो भाग डार्क ठरत असे. म्हणजे पांढऱ्याकडून काळ्याकडे जाणारी ती केवळ रंगांची पायरी होती. पुढे ही नावे कागदावरून गेली, बोलण्यातून मात्र गेली नाहीत. आता उपसा 100 टक्क्यांहून अधिक झालेल्या भागाला ‘अतिशोषित’ म्हणतात आणि वरुडची गणना त्यात झालेली आहे. हा शब्द जिभेला जड असला तरी मला तो अधिक प्रामाणिक वाटतो. ‘डार्क’ म्हटले की संकट आभाळातून कोसळल्यासारखे वाटते, तर ‘अतिशोषित’ म्हटले की पाणी कोणीतरी उपसले आहे, हे लपत नाही.

पेंचमधील ‘डार्क’ मात्र शब्दशः अंधार आहे. नागपूर जिल्ह्यातील या व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी 2024 मध्ये भारतातील पहिले डार्क स्काय पार्क, म्हणजे तारे स्पष्ट दिसावेत म्हणून रात्रीचे आकाश अंधारे राखलेले क्षेत्र, म्हणून मान्यता मिळाली. त्यासाठी गावे काळोखात ठेवावी लागत नाहीत. दिव्यांचा उजेड वर न फाकता जमिनीकडेच पडावा, एवढी काळजी घ्यावी लागते. रात्री वावरात जागलीला जाणाऱ्याला आकाशगंगेचे अप्रूप नसेल, पण शहरातील मुलांनी ती बहुधा पाहिलेलीच नसते.

इंग्रजीत या शब्दाचा सर्वांत मोठा पसारा आहे तो ‘ठाऊक नसलेले’ या अर्थाचा. शर्यतीतील ज्या घोड्याचा वकूब कोणालाच माहीत नाही, तो ‘डार्क हॉर्स’, मग त्याचा रंग पांढराशुभ्र का असेना. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीतही असा एखादा निघतोच. ‘डार्क मॅटर’चेही तसेच आहे. खगोलशास्त्रज्ञ फ्रिट्झ झ्विकी यांनी 1933 मध्ये पाहिले, की एका दीर्घिकासमूहातील दीर्घिका (आपल्या आकाशगंगेसारखे ताऱ्यांचे प्रचंड समूह) इतक्या वेगाने फिरत आहेत की केवळ दिसणाऱ्या द्रव्याच्या गुरुत्वाकर्षणाने त्या एकत्र बांधून ठेवणे शक्य नाही. म्हणजे तेथे न दिसणारे आणखी काही द्रव्य असले पाहिजे. त्या न दिसणाऱ्या द्रव्याला ‘डार्क’ म्हटले गेले, तरी ते काळे नाही. प्रकाश त्यातून आरपार जातो, तेव्हा त्याला पारदर्शक म्हणणेच अधिक योग्य ठरेल.

‘डार्क मोड’ म्हणजे फोनच्या पडद्यावर काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरे, इतकेच. ‘डार्क पॅटर्न’मधील ‘डार्क’ला मात्र कपटाचा वास आहे. ऑनलाइन फवारणी पंप मागवताना न मागितलेला विमा हळूच बिलात शिरतो किंवा ‘फक्त दोनच नग शिल्लक’ अशी खोटी घाई केली जाते, ती ही युक्ती. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर 2023 मध्ये अशा 13 प्रकारांना मनाई केली असून, तक्रार 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंदवता येते.