पेटंट संपायला ११ महिने. गोदाम आत्ताच भरायचं का?

प्रश्न : भोसरी एमआयडीसीत आमचा गोळ्यांचा छोटा कारखाना आहे. एका औषधाच्या मूळ रेणूचं पेटंट ११ महिन्यांनी संपतंय, म्हणून तीन चाचणी बॅच काढल्या. पेटंटधारक कंपनीची नोटीस आली : उत्पादन थांबवा, माल नष्ट करा, १५ दिवसांत हमीपत्र द्या, पेटंट असेतो एफडीए लायसन्स मिळणार नाही. त्याच औषधाच्या सॉल्टचं (मूळ रेणूच्या क्षार-रूपाचं) दुसरं पेटंट सात महिन्यांपूर्वी मंजूर झालंय. पहिल्या दिवशीच बाजारात उतरायला २० लाख गोळ्या आधी करून ठेवल्या तर चालेल का?

उत्तर : नाही, २० लाख गोळ्या करू नका. चाचणी बॅच मात्र थांबवायचं कारण नाही.

पेटंट कायद्याचं कलम १०७अ परवानगीसाठी लागणारी माहिती तयार करायला औषध बनवण्याची मुभा देतं. ४० अंश आणि ७५ टक्के आर्द्रतेवरची सहा महिन्यांची स्टॅबिलिटी (औषध टिकतं का ही चाचणी), बायोइक्विव्हॅलन्स (शरीरात मूळ औषधाइतकंच शोषलं जातं का ही चाचणी) हे सगळं त्यात बसतं. परदेशातल्या परवानगीसाठी नमुने पाठवायचे असतील तरीही. विक्रीसाठीचा साठा मात्र त्यात बसत नाही. कलम ४८ नुसार पेटंट चालू असताना औषध 'बनवणं' हाच भंग आहे, मग एकही गोळी विकलेली नसो. कोर्टाने तपासणीला नेमलेला कोर्ट कमिशनर आला की आधी बॅच रेकॉर्ड आणि कच्च्या मालाची बिलं बघतो. तीन बॅचसाठी लागेल त्याच्या कितीतरी पट एपीआय (औषधाचा मूळ सक्रिय घटक) घेतलेला दिसला, की बचाव तिथंच कोसळतो. म्हणून प्रत्येक बॅचवर 'चाचणीसाठी, विक्रीसाठी नाही' असं लेबल, चाचणी लायसन्सची प्रत, किती गोळ्या कुठल्या लॅबला गेल्या आणि किती नष्ट केल्या याची नोंद ठेवा.

लायसन्सची धमकी पोकळ आहे. अमेरिकेत १९८४ च्या हॅच-वॅक्समन कायद्याने औषधाची मंजुरी पेटंटला जोडलीय. पहिल्या जेनेरिकला १८० दिवसांची मक्तेदारी मिळते तीही तिथंच. आपल्याकडे अशी सांगड नाही. बायर या औषध कंपनीच्या प्रकरणात दिल्ली हायकोर्टाने २००९ साली आणि खंडपीठाने २०१० साली हेच सांगितलं.

आधी ते ११ महिने पुन्हा मोजा. मुदत २० वर्षांची, पण पीसीटी अर्ज (एकाच अर्जाने अनेक देशांत पेटंट मागण्याचा आंतरराष्ट्रीय अर्ज) असेल तर ती आंतरराष्ट्रीय अर्जाच्या तारखेपासून धरतात, प्राधान्य तारखेपासून (त्याआधी केलेल्या पहिल्या अर्जाच्या तारखेपासून) नाही. इथं चूक झाली असेल तर पेटंट जवळपास वर्षभर जास्त चालेल.

खरी अडचण सॉल्टच्या पेटंटची आहे. रेणूचं पेटंट संपलं तरी तुम्ही तोच सॉल्ट वापरत असाल तर ते आड येईल. त्यावर कलम ३(ड) हे तुमचं हत्यार : जुन्या पदार्थाचा नवा सॉल्ट उपचाराच्या परिणामकारकतेत वरचढ नसेल तर पेटंट टिकत नाही. नोव्हार्टिस या औषध कंपनीच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने २०१३ साली हे कलम कडकपणे लावलं. मंजुरी पेटंट जर्नलमध्ये छापून आल्यापासून वर्षभरात नमुना ७ भरून पेटंट कार्यालयात विरोध दाखल करता येतो. तुमच्या हातात पाचेक महिने आहेत. दुसरा मार्ग हायकोर्टात कलम ६४ खाली पेटंट रद्द करून घेण्याचा. पण सुप्रीम कोर्टाच्या २०१४ च्या वोबेन निकालानुसार एकाच वेळी दोन्ही चालवता येत नाहीत. माझं मत विरोधाकडे झुकतं, कारण तो स्वस्त आहे. आधी विरोध नोंदवून मग बाजारात उतरणाऱ्याकडे कोर्ट जरा मऊपणे बघतं; ग्लेनमार्क कंपनीला सिटाग्लिप्टिन या मधुमेहाच्या औषधाच्या बाबतीत २०१५ साली दिल्लीत मनाई हुकूम बसला, त्यात आधी वाट मोकळी करून न घेणं नडलं.

हमीपत्रावर सही करू नका. उत्तर मात्र द्या : कलम १०७अ खाली फक्त चाचणी चालू आहे, विक्री नाही, एवढंच. किती बॅच, कुठली लॅब, बाजारात केव्हा येणार, यातलं काही लिहू नका. त्याच दिवशी पुणे जिल्हा न्यायालय, मुंबई हायकोर्ट आणि दिल्ली हायकोर्ट अशा तिन्ही ठिकाणी कॅव्हेट (आमचं ऐकल्याशिवाय हुकूम देऊ नका, असा अर्ज) टाका. औषध कंपन्या बहुधा दिल्लीच गाठतात. कॅव्हेट ९० दिवसांनी संपतं, तारीख लिहून ठेवून पुन्हा टाका.