भाच्याला फोन करा

प्रश्न : माझी मुलगी सातवीपर्यंत मराठी माध्यमात होती, यंदा आठवीला सेमी इंग्रजीत गेली. टेक्नोव्हेशन या मुलींच्या आंतरराष्ट्रीय ॲप स्पर्धेत तिने तीन मैत्रिणींसोबत भाग घेतला आहे. गणितातले इंग्रजी शब्द मराठीत समजावून सांगणारं ॲप त्यांनी केलं. मला ते फारच साधं वाटलं, म्हणून पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये असलेल्या माझ्या भाच्याकडून नीट करून घेतलं. त्याने मुलींचे आवाज काढून मशीनचा आवाज घातला, एआयसुद्धा टाकलं. आता ॲप झकास दिसतं, पण मुलगी हल्ली लॅपटॉप उघडत नाही. गणितात तिला ६८ गुण आहेत. चाळीस हजारांचा कोडिंग क्लास लावू का? बक्षीस मिळालं तर पुढे आयआयटीत कॉम्प्युटरला फायदा होईल ना? आणि ॲप प्ले स्टोअरवर कसं टाकायचं?
– एक पालक, कराड

उत्तर : तुम्ही तीन प्रश्न विचारलेत. मी मात्र अडकले ती एका वेगळ्याच वाक्यापाशी, जे तुम्ही ओघात लिहून पुढे निघून गेलात. ‘मुलगी हल्ली लॅपटॉप उघडत नाही.’ का उघडेल? ऑफिसात आठ दिवस खपून तुम्ही एक टिपणी तयार केलीत, साहेबांनी ती परस्पर दुसऱ्याकडून लिहून घेतली आणि वर तुमच्याच नावाने पुढे पाठवली, तर दुसऱ्या दिवशी तुम्ही हौसेने ती फाइल उघडाल का? तुम्ही निदान घरी येऊन चिडचिड तरी कराल. तिला तीही सोय नाही, कारण हे सगळं तिच्या भल्यासाठीच चाललंय असं घरात सगळे म्हणताहेत.

मुलींचे आवाज काढले, हे मला सगळ्यात लागलं. चार मुली एकमेकींना ‘हळू बोल गं’, ‘पंखा बंद कर आधी’ म्हणत ‘डिनॉमिनेटर म्हणजे छेद’ रेकॉर्ड करत बसल्या असतील. त्यांच्याच वर्गातल्या मुलाला तो आवाज ओळखीचा वाटला असता. मशीनला कुठून येणार तो?

आता ‘साधं’ या शब्दाबद्दल. सातवीपर्यंत लसावि, मसावि, समलंब चौकोन, वर्गमूळ अशा शब्दांवर वाढलेलं मूल आठवीत सेमीला जातं आणि जूनमध्येच त्याच्यापुढे एलसीएम, एचसीएफ, ट्रॅपेझियम, स्क्वेअर रूट येऊन उभे राहतात. गणित तेच, पाटी कोरी. माझ्याकडे ‘आठवीत अचानक गणित कच्चं झालं’ म्हणून येणाऱ्या मुलांना मी आधी तेच उदाहरण मराठीत घालून बघते. बऱ्याच जणांना ते येतं. तेव्हा तुमच्या मुलीचे कमी पडलेले ३२ गुण गणिताचे आहेत की भाषेचे, ते आधी तपासा. तिला अडचण कुठे आहे ते तिने स्वतःच हेरलं, मैत्रिणी जमवल्या आणि त्यावर इलाज करायला घेतला. तेराव्या वर्षी हे करणारी मुलगी ‘साधं’ काम करत नाही. ज्या धारावीत पाण्याच्या नळावर रांगा लागतात, तिथल्या मुलींनी काही वर्षांपूर्वी रांगेतला नंबर मोबाइलवर लावता येईल आणि आपली पाळी आली की कळेल असं ॲप केलं होतं. त्यातही एआय नव्हतं, दारातली अडचण होती.

एक गैरसमज मात्र मुळापासून काढायला हवा, कारण तो एकट्या तुमचा नाही. ॲप स्पर्धेच्या प्रमाणपत्राने आयआयटीचं दार किलकिलंसुद्धा होत नाही. तिथल्या बीटेकला जेईई मेन, मग जेईई ॲडव्हान्स्ड आणि तिची रँक. राज्यातल्या इंजिनीअरिंगला मुख्यतः एमएचटी-सीईटी. एवढंच. सायन्स ऑलिम्पियाडमध्ये चमकलेल्या किंवा खेळात नाव कमावलेल्या मुलांसाठी काही आयआयटींनी अलीकडे वेगळी वाट काढली आहे, पण शाळकरी ॲप स्पर्धा त्यात येत नाहीत. परदेशी विद्यापीठं अशा कामाकडे बघतात हे खरं, पण ती प्रमाणपत्र मोजत नाहीत, मुलीलाच विचारतात : हे का केलंस, कुठे अडलीस, मग काय बदललंस? भाच्याच्या ॲपबद्दल ती काय सांगणार? टेक्नोव्हेशनमध्येही मुलींना आपल्या ॲपची माहिती स्वतः व्हिडिओत द्यावी लागते. मार्गदर्शकाने वाट दाखवायची, काम मुलींनीच करायचं, हा तिथला दंडक. सध्याचं ॲप तसंच पाठवलंत तर ती लबाडी ठरेल, आणि ती लबाडी तुमच्या मुलीच्या नावावर जमा होईल. शब्द कडू आहे, पण मला दुसरा सुचत नाही.

चाळीस हजार बँकेत राहू द्या. स्पर्धा फुकट आहे आणि अशी ॲप्स करण्यासाठी मुली सर्रास वापरतात ते एमआयटीचं ॲप इन्व्हेंटरही फुकट आहे. गूगलने ते २०१० मध्ये आणलं, पुढे अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाने चालवायला घेतलं. त्यात कोड टाइप करायचा नसतो, रंगीत ठोकळे एकमेकांत अडकवायचे असतात. ‘हे बटण दाबलं की’ असा एक ठोकळा, त्याच्या खाचेत ‘हा आवाज वाजव’ असा दुसरा. फोन जोडलेला असेल तर केलेला बदल तिथल्या तिथे फोनवर दिसतो. चुकलं तर तेही लगेच कळतं, आणि माझ्या मते शिकणं होतं ते त्याच क्षणी. भाच्याने तेवढेच क्षण तिच्याकडून काढून घेतले. बिचाऱ्याचा हेतू वाईट नसणार, मामांनी सांगितलं म्हणून केलं.

प्ले स्टोअरची घाई कशाला? तिथे ॲप टाकण्यासाठीचं खातं काढायला वय १८ लागतं, एकदाच २५ डॉलर भरावे लागतात आणि नव्या वैयक्तिक खात्याला निदान १२ जणांकडून सलग १४ दिवस ॲपची चाचणी करून घ्यावी लागते. हा शेवटचा नियम मात्र मला आवडतो. तो स्टोअरशिवायही पाळता येईल. ॲपची फाइल वर्गातल्या बारा जणांच्या घरच्या फोनवर टाका. दोन आठवडे ती मुलं कुठे अडखळतात हे तुमच्या मुलीला वहीत टिपू दे. ॲपमध्ये पुढे काय हवं ते त्या वहीतूनच कळेल, तुमच्याकडून किंवा माझ्याकडून नाही.

आता आज रात्री करायचं काम. भाच्याला फोन करा आणि त्याने हात लावण्याआधीची मूळ फाइल परत मागवा. ॲप इन्व्हेंटरमध्ये केलेलं असेल तर प्रोजेक्टच्या फाइलच्या नावाशेवटी एआयए असतं. ती मुलीला द्या, ‘माझं चुकलं’ एवढं म्हणा आणि खोलीतून बाहेर या. दाराशी घुटमळू नका. चारपाच दिवस ती काहीच करणार नाही, तेही चालेल.

पुढे कधी तिने आपणहून ॲप दाखवलंच, तर बक्षिसाचं काढू नका. तिला एवढंच विचारा : १२ आणि १८ यांचा लसावि ३६ आणि मसावि ६. मग ‘लघुतम’ म्हणवणारा मोठा आणि ‘महत्तम’ म्हणवणारा छोटा, हे कसं? तिला उत्तर येत असेल. तुम्हाला येतंय का, ते त्याआधी बघून ठेवा.