गाडीची सीट बटणाने हलते, पण मेमरी (सेव्ह केलेल्या पोझिशनवर सीट आपोआप नेणारी सोय) चालत नाही. दोष कुठे शोधू?

बटणाने सीट हलतेय म्हणजे फ्यूज आणि मोटर बहुधा ठीक आहेत. त्यावर खर्च करू नका. बॅटरी नुकतीच काढली होती का? मग आधी पोझिशन पुन्हा सेव्ह करून बघा. तरीही जमलं नाही, तर माझा संशय मोटरजवळच्या पोझिशन सेन्सरवर. सीट जरा सरकून थांबत असेल तर नक्की तपासा: मोटर किती फिरली हेच मॉड्यूलला (सीट चालवणाऱ्या कंट्रोल युनिटला) कळत नाही, म्हणून ते तिला थांबवतं. सीट हलवताना स्कॅनरवर (गाडीला जोडून दोष वाचायच्या यंत्रावर) पोझिशनचा आकडा बदलायला हवा. तो एकाच जागी अडकला, तर सेन्सर किंवा त्याची वायर गेली. महागडं मॉड्यूल घेण्याआधी सीटखालच्या वायरी नीट बघा, सतत सरकून त्याच तुटतात. मात्र तिथला पिवळा कनेक्टर सहसा एअरबॅगचा असतो. त्याला मीटर लावू नका.