होकायंत्र आहे, तरी वाट चुकते

प्रश्न : आमचे बचाव पथक कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयात स्कूबाचा (हवेची टाकी घेऊन पाण्याखाली पोहण्याचा) सराव करते. होकायंत्र असूनही परतताना जागा चुकते. — एक वाचक, बामणोली

उत्तर : बहुधा धरण्यात चूक असते. तबकडी तिरकी झाली की सुई अडकते. तबकडी छातीसमोर, शरीराच्या मध्यरेषेत आडवी धरा. लोखंडी सुरी, जोडीदाराची स्टीलची टाकी दूर ठेवा. जाताना दिशा 70 अंश असेल, तर परतीला 180 मिळवून 250. अंतरासाठी आधी 30 मीटर दोरी ताणून पायांचे फटके मोजा. खोलवर वेटसूट (पाणबुड्याचा रबरी पोशाख) दबतो, तरंगण्याची शक्ती घटते, माणूस तळाशी टेकतो, गाळ उठतो. मग तबकडीही दिसत नाही. तिथे वाट दाखवायला रीळाची दोरीच खरी, तीत अडकल्यास कापायला सोबत कटर हवाच.

आणि हो, भरलेला जलाशय सुमारे 660 मीटर उंचीवर असतो. डीकम्प्रेशनचे (किती खोल, किती वेळ राहून कसे वर यायचे याचे) समुद्रसपाटीचे तक्ते 300 मीटरच्या वर तसेच वापरू नका.